दिव्यामागचा पंखा

पहिली थापड बसली तेव्हा विश्वनाथचा चष्मा उडून देवघराच्या पायरीशी जाऊन पडला. दुसरी बसायच्या आत त्याच्या मनात आलं ते एवढंच, की काच फुटली असेल तर आता बारके स्क्रू दिसायचे नाहीत. माणसाचं डोकं कुठल्या वेळी कुठं जाईल याचा काही नेम नसतो. दुसरी कानावर बसली. तिसरीला तो फरशीवर आडवा झाला, तसं अंकितनं त्याला कॉलर धरून पुन्हा बसतं केलं, कारण नत्थूजींना तो बसलेला हवा होता.

नत्थूजींचा प्लॉटचा धंदा. मानेवाड्याच्या पुढं जिथं जिथं शेतात चुन्याच्या रेघा मारलेल्या दिसतात तिथं त्यांचं नाव निघायचं, आणि नाव निघालं की भले भले लोक आवाज खाली आणायचे. अंकित हा त्यांचा पुतण्या. त्याला काकांसारखं बोलता येत नव्हतं, म्हणून तो काकांसाठी मारायचा.

आदल्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला नत्थूजींच्या एकुलत्या एका मुलाला, सौरवला, घराच्या फाटकातच कोणीतरी चाकूनं भोसकलं होतं. पोटात तीन आणि मानेवर एक. मे महिन्यातलं नागपूर, शेहेचाळीस डिग्री, अशा वेळी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. सौरव गाडीच्या सावलीपर्यंत सरपटत गेला आणि तिथंच पडून राहिला. दूधवाल्यानं पाहिलं तोवर रक्त डांबरावर वाळलं होतं. आता तो दवाखान्यात होता, नळ्यांच्या आधारानं श्वास घेत होता, आणि डॉक्टर हो किंवा नाही यातलं काहीच बोलत नव्हते.

घराला आठ कॅमेरे होते. ते आठही कॅमेरे ज्या कॉम्प्युटरला जोडले होते तो विश्वनाथनं बनवला होता. बर्डीवर, भर बाजारात, त्याचं दुकान. मोठाल्या पेट्या सगळेच जोडतात, पण तांदळाच्या डब्याएवढ्या जागेत पूर्ण मशीन बसवावं ते विश्वनाथनंच, असं गावात म्हणत. नत्थूजींना लहानच हवं होतं. चोर आला तर आधी रेकॉर्डिंगची पेटी उचलतो, म्हणून त्यांनी ती देवघराखालच्या कप्प्यात, लाकडी जाळीमागं लपवायला लावली होती. देवघराला चोरही हात लावत नाही, असा त्यांचा हिशेब. आणि त्या मशीननं काल दुपारी दोन पस्तीसपर्यंत सगळं टिपलं होतं. त्यानंतर काही नाही. संध्याकाळी सातला पुन्हा सुरू, तेव्हा फाटकाशी पोलिसांची गाडी उभी होती.

"कोणाच्या सांगण्यावरून बंद केलं बे?" नत्थूजींनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं वाटलं असतं.

विश्वनाथ म्हणाला, कोणाच्याच नाही. अंकितनं लाथ घातली, ती बरगडीत बसली. नत्थूजींना सगळं ठाऊक होतं म्हणे. तीन आठवड्यांपूर्वी विश्वनाथ त्यांच्या धंद्यातल्या दुश्मनाच्या ऑफिसात जाऊन आला होता. गेला होता खरा, तिथला प्रिंटर दुरुस्त करायला. पण ज्याचा पोरगा मरणाच्या दारात पडलाय त्याला प्रिंटरची गोष्ट सांगून काय उपयोग? नत्थूजींना नाव पाहिजे होतं. नाव मिळालं की त्या माणसाला ते सूर्यास्ताच्या आत संपवणार होते, आणि नाव मिळत नव्हतं म्हणून समोर जो होता तो चालणार होता.

अंकितनं पूजेचा चौरंग ओढून आणला. विश्वनाथचा उजवा हात त्यावर पालथा ठेवला आणि मनगटावर गुडघा दिला. नत्थूजींनी सोफ्यावर ठेवलेली हातोडी उचलली. तिळाएवढे स्क्रू फिरवणारा हात होता तो. त्या हाताखेरीज त्याच्याकडं जगात दुसरं काही भांडवल नव्हतं, आणि डाव्या हातानं तर त्याला धड जेवताही येत नव्हतं.

"भाऊ, मशीन गरम झालं की आपलं आपण बंद होते," तो म्हणाला. "जळू नये म्हणून. बाहेर काढा, मी दाखवतो. नाही पटलं तं हात इथंच हाये."

नत्थूजींनी मान हलवली आणि अंकितनं गुडघा काढला.

विश्वनाथनं जाळी काढली, मशीन वायरींसकट पुढं ओढलं, चालू केलं. मग देवघरातून एक उदबत्ती मागून घेतली. ही त्याची जुनी रीत. दुकानात प्रत्येक नव्या मशीनसमोर तो उदबत्ती धरायचा. गिऱ्हाइकांना वाटायचं पूजा करून राहिला, दोघातिघांनी तर हातही जोडले होते. पण तो धूर पाहायचा. हवा कुठून आत जाते आणि कुठून बाहेर पडते, ते धुरासारखं खरं कोणी सांगत नाही. समोरच्या दोन पंख्यांनी थंड हवा आत ओढायची आणि मागच्यानं गरम हवा बाहेर फेकायची, एवढी साधी गोष्ट. लहान पेटीत ती जरा चुकली तरी मशीन उकडून मरतं.

त्यानं उदबत्ती समोर धरली. धूर सुर्रकन आत गेला. मग मागं धरली. धूर बाहेर फेकला जायला हवा होता. तोही आत गेला.

"तिन्ही पंखे आत फेकून राहिले," विश्वनाथ म्हणाला. "बाहेर काढणारा एकही नाही. कूलर कितीही मोठा लावा भाऊ, समोरची खिडकी बंद असली तं खोलीत नुसती उमस. तसं झालं याचं."

हे नागपूरच्या माणसाला दुसऱ्यांदा समजावून सांगावं लागत नाही. नत्थूजी वाकून धुराकडं पाहत राहिले. ज्या उन्हानं रस्ता रिकामा केला होता त्याच उन्हानं कॅमेऱ्यांचे डोळे मिटवले होते, आणि मारेकऱ्याला त्यातलं अर्धंच माहीत होतं, रस्ता रिकामा असतो एवढंच. विश्वनाथला वाटलं, सुटलो. मूर्खच तो. पुढचा प्रश्न काय येणार हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

"म्हणजे मागचा कोणं तरी उलटा लावला. कोणं?"

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात अंजनाबाई येऊन उभ्या राहिल्या. नत्थूजींची आई. हातात तेलाची बुधली होती. काल रात्रीपासून त्यांनी नातवासाठी देवघरापुढं अखंड दिवा लावला होता आणि दर दोन तासांनी त्यात तेल घालत होत्या. त्यांनी धूर मागून आत जाताना पाहिला, मग विश्वनाथकडं पाहिलं, आणि तेल घालायला त्या पुढं आल्याच नाहीत.

पंखा विश्वनाथनंच फिरवला होता. चैत्रातल्या नवरात्रात अंजनाबाईंनी नेहमीसारखा नऊ दिवसांचा दिवा लावला, देवघरापुढं, पाटावर, त्यांच्या सासूच्या वेळेपासून जिथं लागायचा तिथंच. मशीनची पाठ जाळीकडं होती, त्यामुळं गरम हवा थेट ज्योतीवर यायची. दुसऱ्याच दिवशी दिवा दोनदा विझला. नवरात्रातला दिवा विझणं म्हणजे म्हातारीच्या जिवाला घोरच. त्यांनी फोन करून त्याला बोलावलं, थंडगार पन्हं दिलं, आणि म्हणाल्या, बापा, ती हवा तेवढी आत वळव. विश्वनाथनं सांगून पाहिलं, आजी, मशीनले घातक हाये. त्या म्हणाल्या, नऊच दिवस. त्यानं चार स्क्रू काढले, पंखा उलटा केला, दहाव्या दिवशी येऊन सरळ करतो म्हणाला. दहाव्या दिवशी दुकानात तीन मशीनं एकदम आली. अकराव्या दिवशी तो विसरला. एप्रिलमध्ये निभावलं. मे लागला आणि निभेना.

आता तो दारातल्या म्हातारीकडं पाहत होता. नाव घेतलं तर सुटका होती का? बहुतेक नव्हती. माझ्या मायच्या आड लपतो म्हणून नत्थूजींनी दोन्ही हात ठेचले असते. आणि ते सोडलं तरी, नातू तिकडं मरणाशी झुंजतोय आणि मारणारा तुमच्या दिव्यामुळं सुटला, हे त्या बाईच्या तोंडावर कसं म्हणायचं? शिवाय दहाव्या दिवशी यायचं कबूल करून न आलेला तो स्वतःच होता. ते तर कोणावर ढकलता येत नव्हतं.

"मीच," विश्वनाथ म्हणाला.

"काहून?"

विश्वनाथनं आपला उजवा हात पुन्हा चौरंगावर ठेवला.

गुडघा पुन्हा मनगटावर आला. नत्थूजींनी आणखी एकदा विचारलं नाही. हातोडी खाली आली तेव्हा आवाज फार मोठा झाला नाही, सुकं लाकूड मोडावं एवढाच, पण विश्वनाथच्या तोंडून जे निघालं ते ऐकून बाहेरच्या कडुलिंबावरचे कावळे उडाले. तर्जनी मधल्या पेराशी चपटी झाली होती आणि नखातून रक्त चौरंगाच्या कोरीव वेलीत उतरत होतं. दुसरा घाव मधल्या बोटावर. त्यात हाड बाहेर आलं, पांढरं, आणि विश्वनाथनं चौरंगावर ओकारी केली. अंकित हसला. हसू त्याला आवरलं नाही, मारताना त्याला नेहमीच यायचं.

"आता अंगठा," नत्थूजी म्हणाले.

"नत्थू, थांब." अंजनाबाई दारातून हलल्या नव्हत्या. "मी सांगतलं म्हणून फिरवला त्यानं. माझा दिवा इझत होता."

हातोडी वरच राहिली. नत्थूजींनी वळून विचारलं, काय म्हणाली. तिनं पुन्हा सांगितलं, नवरात्रापासून सगळं. मग जे कोणी विचारलं नव्हतं तेही सांगितलं. "अन् दहा दिस झाले, रोज सांजच्याले तो डब्बा बंद दिसे. मले वाटे लाईन गेली असंन. मीच बटन दाबत होती."

"तं मले सांगतलं काहून नाही?"

"या घरात तुले कोण काही सांगते गा?"

म्हातारी हे भांडून बोलली नाही. तांदूळ संपले म्हणावं तशी बोलली. पण ती दोन बोटं मोडेपर्यंत का थांबली, याचंही उत्तर त्यातच होतं. नत्थूजींच्या बापाचा हात तिनं चाळीस वर्षं सोसला होता आणि मुलाचा हात कोणाच्या हातासारखा आहे हे तिला पक्कं माहीत होतं. भीतीनं तिची जीभ दोन घाव उशिरा सुटली.

नत्थूजींच्या हातात हातोडी होती आणि ती मारायला कोणी उरलं नव्हतं. त्यांनी ती देवघराच्या संगमरवरी पायरीवर घातली, एकदा, दोनदा, पाच वेळा, टवके उडून भिंतीला लागले. मग वळून अंकितच्या तोंडावर मुठीनं असा तडाखा दिला की त्याचे दोन दात फरशीवर पडले. "हसत होता," ते म्हणाले. त्यानंतर धापा टाकत सोफ्यावर बसले.

"सरळ कर ते," शेवटी ते म्हणाले. विश्वनाथकडं न पाहता.

अंजनाबाईंनी पदराची पट्टी फाडून त्याच्या बोटांना गुंडाळली. चष्मा उचलून दिला. एका काचेला तडा गेला होता. विश्वनाथनं डाव्या हातात स्क्रूड्रायव्हर धरला. चार स्क्रू, एरवी अर्ध्या मिनिटाचं काम. पहिला स्क्रू दोनदा निसटून फरशीवर गेला, दोन्ही वेळा अंजनाबाईंनी चाचपून शोधून दिला. तिसऱ्याला त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. पंखा फिरवून बसवला, चारही स्क्रू आवळले गेले, मशीन कप्प्यात गेलं, जाळी लागली.

चालू केल्याबरोबर जाळीतून गरम हवेचा झोत आला, अगदी जसा यायला हवा होता तसा. पाटावरच्या दिव्याची ज्योत आडवी झाली, निळी पडली, वातीला चिकटून फडफडू लागली. नत्थूजी सोफ्यावरून अर्धे उठले. सौरवचा दिवा होता तो.

अंजनाबाई वाकल्या आणि दोन्ही हातांनी पाट बाजूला सरकवला. वीतभर. ज्योत सरळ उभी राहिली.

विश्वनाथ त्या वीतभर जागेकडं पाहत राहिला, तिथं फरशीवर पाटाच्या चार पायांच्या जुन्या खुणा होत्या. मग त्यानं आपला उजवा हात छातीशी धरला आणि उन्हात बाहेर पडला.