वजनकाटा कारखान्याच्या फाटकाशी

आमच्या दवाखान्यातल्या नर्सबाई तोंडाच्या फटकळ. मुलाचं वजन घटलं की आईची खरडपट्टी ठरलेलीच. मी शेजारी बसून वजनं लिहून घ्यायचे आणि मान खाली घालायचे.

त्या दिवशी शर्टांच्या कारखान्यातली एक शिलाईवाली दीड वर्षाच्या मुलीला घेऊन आली. पोरीचे दंड नुसत्या काड्या. सलग तिसऱ्या महिन्यात वजन उतरलेलं.

"डाळ द्या, अंडं द्या, अंगावर पाजा. किती वेळा सांगायचं?" बाई कडाडल्या.

शिलाईवालीने सरळ त्यांच्याकडे पाहिलं. "सगळं पाठ आहे मला, बाई. सकाळी सातला जाते, संध्याकाळी सातला येते. मधे कुणी पाजायचं?"

बाईंनी तिच्या घराचा पत्ता विचारून लिहून घेतला. हे मी पहिल्यांदाच पाहत होते.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून त्या तिच्या घरी जाऊन बसल्या. एवढीशी खोली. सात वर्षांची थोरली शाळा सोडून धाकटीला सांभाळत होती. धाकटी रडली की पाण्यात बिस्कीट कालवून भरवायची. तिला तेवढंच जमायचं. घरात दोन अंडी होती, ती धुणीभांडी करून परतलेल्या आजीने आपल्या मुलासाठी, म्हणजे पोरींच्या बापासाठी, झाकून ठेवलेली. "दिवसभर ओझी उचलतो तो. त्याला ताकद नको?" आजी म्हणाली. तिचंही खोटं नव्हतं.

परत आल्यावर बाई मला म्हणाल्या, "इतकी वर्षं मी भलत्याच माणसांवर ओरडत होते गं."

पुढच्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत आम्ही वजनकाटा घेऊन कारखान्याच्या फाटकाशी उभ्या राहिलो. शिलाईवालीने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. बहिणींच्या कडेवर, आज्यांचं बोट धरून मुलं आली. चौदापैकी अकरा वजनात कमी भरली.

मॅनेजर तरातरा आले. "हा कारखाना आहे, पाळणाघर नाही!"

"तेच म्हणतेय मी," बाई म्हणाल्या. "पाळणाघर का नाही?"

तेवढ्यात शिलाईवाली पुढे झाली. "साहेब, चिंध्या टाकता ती मागची खोली द्या. दिवसातून दोनदा पाजायला सोडा. काम अडलं तर मला बोला."

सुट्टी संपल्याची घंटा झाली. एकही बाई जागची हलली नाही.

मॅनेजरांनी घड्याळ पाहिलं, बायांकडे पाहिलं. "महिनाभर. मग बघू."

चिंध्या बायांनीच उपसल्या, भिंतींना चुना लावला. मुलं सांभाळायला कोण, म्हणताना आजीच आली. बाईंनी तिला अंडं कुस्करून डाळीत कालवायला शिकवलं. "आधी पोरं, मग मोठी माणसं," हे तिच्या गळी उतरायला मात्र दोन महिने लागले. थोरली शाळेत जाऊ लागली.

महिन्याचं वर्ष झालं. धाकटीचं वजन एकदम नाही, पण चढत गेलं. दोन मुलं काही केल्या सावरेनात. त्यांना बाई स्वतः मोठ्या इस्पितळात घेऊन गेल्या, त्यांचे उपचार अजून चालू आहेत.

हल्ली पलीकडच्या कारखान्यातल्या बायका शिलाईवालीकडे येतात. साहेबांशी बोलायचं कसं, विचारतात.

"मला तरी कुठे येत होतं?" ती हसून सांगते. "पण मागे वळून पाहिलं, तर सगळ्या उभ्या होत्या."