घाईबाईची वही

टक्.

दुपारच्या शांत खोलीत शिलाई मशीनची सुई मोडली. सकाळपासूनची तिसरी. मित्रांनो, तो आवाज मी टेबलाच्या पायाखालून ऐकला. टेबल डुगडुगू नये म्हणून मला तिथे सरकवलं होतं. मी एक जुनी वही आहे. जाड पुठ्ठ्याची, मशीनच्या तेलाचा वास येणारी.

मशीन दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराने मला लिहिलं. हात थरथरू लागले तेव्हा त्याने कोरी वही आणली आणि एका पानावर एक बिघाड, असं लिहायला बसला. पान झालं की तो ते बायकोच्या हातात द्यायचा. तिने जन्मात कधी मशीन उघडलं नव्हतं. ती वाचायची, तसंच करायची आणि हमखास अडायची.

"स्क्रू थोडासा फिरवा, म्हणजे किती? तुमचं थोडंसं आणि माझं थोडंसं वेगळं. चहातल्या साखरेवरून रोज कळतंच की."

तो हसून ती ओळ खोडायचा. "तू नाही चुकलीस, माझं वाक्य चुकलं." मग नवी ओळ यायची, 'पाव फेरा. घड्याळाचा काटा बारावरून तीनवर येतो तेवढाच.' माझ्या पानापानांवर अशी खाडाखोड आहे. मला तिची लाज नाही. तेच माझे दागिने.

हे सारं त्याने लेकीसाठी लिहिलं. तिला तो घाईबाई म्हणायचा. तिच्या लग्नानंतर मशीनबरोबर मीही तिच्या घरी आले. तो होता तोवर तिने मला उघडलं नाही. अडलं की त्यालाच फोन करायची. मग तो गेला आणि ती मोबाइलवरचे व्हिडिओ बघू लागली. व्हिडिओतल्या माणसाचे हात भराभर चालायचे. हिची बोटं तेलकट. थांबवायला जावं तोवर तो चार पावलं पुढे. एकदा तेल सांडलं, तेव्हा तिने न बघताच माझं एक पान टरकावलं, तेल पुसलं आणि बोळा कचऱ्यात टाकला.

मित्रांनो, वहीला हाक मारता येत नाही. कोणी उघडलं तरच ती बोलते. म्हणून कागद फाडण्याआधी त्यावरून एकदा नजर फिरवा. तिथे कोणीतरी तुमच्यासाठी थांबलेलं असतं.

आज सकाळी नवरा हळूच म्हणाला होता, "उद्या भंगारवाला येतोय. मशीन आज चाललं तर ठेवू. नुसती जागा अडवतंय गं."

"बाबांचा हात लागलेलं तेवढंच उरलंय," ती म्हणाली आणि कामाला लागली. तीन सुया मोडल्या.

तिची मुलगी नुकतीच वाचायला शिकली होती. दिसेल ते वाचायची. मोबाइलमध्ये डोकावून ती म्हणाली, "आई, ह्या काकांच्या मागचं कॅलेंडर उलटं आहे."

घाईबाई थबकली. व्हिडिओत सगळंच आरशातल्यासारखं दिसत होतं. डावं ते उजवं, उजवं ते डावं. तिन्ही सुया तिने उलट्या बसवल्या होत्या.

तिने टेबल उचलून मला बाहेर काढलं. ओढणीने धूळ पुसली.

'सुई मोडणे. सुईची सपाट बाजू उजवीकडे. म्हणजे तू लिहितेस त्या हाताला. घाईबाई, आधी खात्री कर.'

ती ओळ तिने दोनदा वाचली. चौथी सुई टिकली. मशीन चाललं, पण मधेमधे टाका सुटत होता. कापड ओढलं की शिवण उसवायची.

तोवर मुलीने मला मांडीवर घेतलं होतं. पानाच्या तळाशी बोट ठेवून ती अडखळत वाचू लागली, "टाका सुटत असेल... तर घाबरू नकोस. सोपं आहे. पुढच्या पानावर... सगळं लिहिलंय."

तिने पान उलटलं. तिथे माझ्या शिवणीत अडकलेली, फाटलेल्या पानाची दातेरी कड तेवढी होती.

"आई, पुढचं पान कुठंय?"