पंख्याच्या वाऱ्यावर येणारी आत्या

धामणगाव बढ्यात भाऊरावमामांच्या घरी भरदुपारी खिडक्यांवर गोधड्या टांगल्या होत्या. अंधारात माणसं खेटून बसलेली. भूत उतरवणाऱ्या कडूबा महाराजांपुढे टेबलफॅन गरगरत होता. फॅनच्या मागे मोठा दिवा आणि समोर माझी मामेबहीण सुवर्णा.

"ये वं पंचफुले! वाऱ्यावर बसून ये!" महाराज फॅनची कळ फिरवत गरजले.

फॅन मंदावला. सुवर्णाचे डोळे वर फिरले, हातपाय झटके देऊ लागले. पंचफुला म्हणजे मामांची बहीण, पाणी शेंदताना विहिरीत बुडालेली. तिलाही असंच व्हायचं. माझ्याही मानेवर काटा आला.

"आली! गोळ्यायनं चिडन ते, देऊ नका. अमावास्येले तापल्या सळईचा डाग देऊ, मंग सुटन पोरगी."

मेंदूच्या लहरींच्या आलेखात फिटचे सुळके कसे ओळखायचे, हे संगणकाला शिकवणं माझं काम. मामांच्या विनवण्या करून मी सुवर्णाला बुलढाण्याला नेलं. डॉक्टर अनुपमाताईंनी तिच्या डोक्याला तारा लावल्या आणि समोर दिवा भराभर लुकलुकवला. पडद्यावर सुळके उसळले, संगणकानं ते लाल केले. ताईंनी लगेच दिवा विझवला.

"लुकलुकत्या उजेडानं येणारी फिट आहे. गोळ्या सुरू करा."

मला फॅनची पाती आठवली. तीही दिव्याचा उजेड तशीच कापत होती.

मामा ऐकेनात. "मशिनीले काय समजते भूत? अमावास्या होऊ दे, मंग गोळ्या."

अमावास्येच्या दुपारी पुन्हा तोच अंधार, तोच दिवा; सळई चुलीत लाल झाली. मी फॅनची पिन उपटली. "बोलवा आता."

महाराज ओरडून घामाघूम झाले. सुवर्णा नुसती बघत होती.

"फॅन लावा बे! वाऱ्याबिगर कशी येईन ते?"

आजी सत्यभामाबाई म्हणाल्या, "माह्या पंचफुलीनं जिंदगीत पंखा नाही पाह्यला, महाराज. आता मेल्यावर तिले पंखा काऊन लागते?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मी गोधड्या ओढून काढल्या आणि पात्यांचा खेळ सगळ्यांना समजावला.

मामा पुटपुटले, "मंग पंचफुला?"

"असा आजार कधी कधी घराण्यात उतरतो, मामा. विहिरीच्या पाण्यावर ऊन लुकलुकत असेल... मावशी शेंदायला वाकली असेल आणि तेव्हाच फिट आली असेल."

आजींनी सळई उचलून बादलीत खुपसली. चर्रर्र झालं.

"पोरगी बिमार होती," त्या म्हणाल्या, "अन् आपण तिले भूत केलं."

कुणाला झटके आले तर त्याला कुशीवर वळवा आणि दवाखान्यात न्या. पंचफुलामावशीला कुणीच नेलं नव्हतं.