साडेचौदा इंच

अंगठा कापलाय हे मला मुलीने सांगितलं. मी पटाशी चालवत होतो, ती डबा घेऊन दारात आली आणि एकदम ओरडली, "बाबा, हात!" खाली पाहिलं तर अक्रोडाच्या फळीवर बशीएवढा लाल डाग. दुखत अजिबात नव्हतं. मनात आलं ते एवढंच, की फळी वाया गेली, डाग आत मुरणार.

बायको जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते. लोक म्हणायचे, मिस्त्री धीराचा माणूस आहे. डोंबलाचा धीर! मला काही वाटतच नव्हतं. मेहुणी गळ्यात पडून रडली, तेव्हा तिच्या खांद्यावरून मी बघत होतो की भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं मागे पडलंय. जेवायचो, पण पोट भरलं की नाही ते ताट रिकामं झाल्यावरच कळायचं. रडू येत नाही याचीही लाज वाटायला हवी होती. तीही वाटली नाही.

मुलीने अंगठ्याला चिंधी गुंडाळली आणि कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. दिसायला आणि हट्टाला आईवर गेलीय. चार तासांवरच्या गावाहून दर दुसऱ्या शनिवारी येते, आणि आली की घर, कारखाना आणि मी अशा तिघांची झाडाझडती घेते.

"हे असं चालायचं नाही. कारखान्याला कुलूप लावा आणि माझ्याकडे राहायला चला."

"तिथे येऊन काय करू? जावईबापूंच्या खुर्चीत बसू? ती डुगडुगते."

"मग दुरुस्त करा."

"ती दुरुस्त होण्यातली नाही. विकत घेतानाच डुगडुगत होती."

हसली नाही. म्हणाली, "पुढच्या वेळी बोट जाईल बाबा, आणि तेही तुम्हाला दुसरंच कुणीतरी सांगेल." मग चिंधीची गाठ आणखी आवळली. "बरं, हातातली ऑर्डर पुरी करा. ती नीट झाली तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही. नाही झाली, तर मी सामान बांधणार आणि तुम्ही एक शब्द बोलणार नाही. कबूल?"

"कबूल," म्हणालो. तीन स्टुलांची तर ऑर्डर. उभ्या आयुष्यात मी हजारभर केली असतील.

ऑर्डर दातांच्या डॉक्टरीणबाईंची होती. त्यांनी स्वयंपाकघर नवीन केलं होतं आणि ओट्याला लागून बसायला तीन उंच स्टुलं हवी होती. स्वतःला एक, नवऱ्याला एक, कॉलेजात जाणाऱ्या लेकीला एक. सगळं घराणंच ताडमाड. नवरा दारातून आत येताना सवयीने मान खाली घालतो.

उंच स्टुलाचं गणित लोकांना वाटतं तसं नसतं. बैठक किती उंच ते ओटा ठरवतो. ओटा छत्तीस इंच, तर बैठक सव्वीस. ते सगळ्यांना सारखंच. माणसागणिक बदलते ती पायाखालची आडवी पट्टी. आमच्याकडे तिला पायपट्टी म्हणतात. ती खाली गेली तर पाय लोंबकळतात, मांड्यांना रग लागते. वर आली तर गुडघे पोटात. म्हणून मी गिऱ्हाइकाला बसवतो, टाचेपासून गुडघ्याच्या वळणापर्यंत टेप लावतो आणि चिठ्ठी लिहून भिंतीवर खिळ्याला टोचतो. डॉक्टरीणबाई सतरा इंच, लेक अठरा, नवरा एकोणीस. दुकानातल्या स्टुलावर बसून कंबर धरली की लोक माझ्याकडे येतात, ते याच्यासाठी.

आणि एक गोष्ट आमच्याकडे व्हायची, ती दुसरीकडे कुठे होत असेल असं वाटत नाही. पायपट्टी कायमची बसवायच्या आधी प्रत्येक स्टुलावर माझी बायको बसायची. मटार सोलायचे असोत की कपड्यांना बटणं लावायची असोत, हातातलं काम घेऊन यायची आणि अर्धा तास बसायची. उठली की निकाल. "टोचतंय." "मागे झुकतंय." "हे बरंय, यावर माणूस भांडण विसरेल." पण ती होती चिमुकली, नुसती बसली की पाय हवेत. मग तिच्यापुरती एक फळी मी शिकंज्याने स्टुलाच्या पायांना आवळून द्यायचो. पायांवर पेन्सिलीच्या दोन खुणा असायच्या, खालची गिऱ्हाइकाची आणि वरची हिची. हिचा निकाल लागला की फळी काढायची, वरची खूण घासून टाकायची आणि खालच्या खुणेवर खाच पाडायची. हिच्या मापाची चिठ्ठी भिंतीवर कधी लागलीच नाही. लागतंय कशाला, हाताला पाठ होतं.

पस्तीस वर्षं ती दुसऱ्यांच्या स्टुलांवर बसली. एकदा म्हणाली होती, "मला एक माझं करून द्या की." मी म्हणालो, "रोज नवीन मिळतंय, ते काय वाईट?" त्यावर तिने मटाराची शेंग फेकून मारली होती. पुढे तो विषय राहूनच गेला.

तर ती तीन स्टुलं मी केली. अंगठ्याला चिंधी होती म्हणून हळू केली, पण सांधे असे बसले की केस शिरणार नाही. पॉलिशचे चार हात दिले. टेम्पोवाल्याने येऊन नेली. मुलीला फोन केला, "झाली ऑर्डर." ती "बरं" म्हणाली. तिला आनंद झाला की वाईट वाटलं ते कळलं नाही, आणि मीही कळून घेतलं नाही.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. "मिस्त्री, रागावू नका हं, पण जरा येऊन बघता का? आमचंच काहीतरी चुकत असेल."

गिऱ्हाईक असं बोललं की चूक आपली असते. गेलो. नवरा स्टुलावर बसून दाखवायला लागला तर त्याचे गुडघे ओट्याच्या कडेवर आपटले आणि वरची कपबशी खडखडली. लेक बसली तर बेडकासारखी. तीच हसत सुटली, "मिस्त्रीकाका, यावरून उडी मारायची आहे का?" डॉक्टरीणबाईंनी तिच्यावर डोळे वटारले.

मी टेप काढला. बैठकीपासून पायपट्टी साडेचौदा इंच. दुसऱ्यालाही साडेचौदा. तिसऱ्यालाही साडेचौदा. तीन माणसं, तीन चिठ्ठ्या, आणि तिन्ही स्टुलांना एकच माप. पायांच्या आतल्या बाजूला वाकून पाहिलं तर पट्टीच्या खाली, पॉलिशच्या आत, पेन्सिलीची बरोबर खूण होती. सतरा. अठरा. एकोणीस. म्हणजे चिठ्ठ्या मी वाचल्या होत्या. दोन्ही खुणाही केल्या होत्या, सवयीने. बसायला कुणी आलंच नाही, म्हणून वरची खूण घासायची राहिली आणि पुढचं सगळं तिच्यावर झालं.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. हिची तर मेल्यावरही गेली नव्हती.

"कुणाचं माप लागलं हो हे?" डॉक्टरीणबाईंनी सहज विचारलं.

"दुसऱ्या एका गिऱ्हाइकाचं," मी म्हणालो. "पंधरा दिवस द्या. नवीन करून देतो."

"अहो, नवीन कशाला? पट्टी तेवढी खाली घ्या ना."

"जुनी खाच दिसेल."

"आम्हाला चालेल."

"मला नाही चालणार," म्हणालो, आणि तिन्ही स्टुलं टेम्पोत घालून परत आणली. टेम्पोवाला वाटेत म्हणाला, "मिस्त्री, माल परत? तुमचा?" त्याने तोंडात बोटं घातली, तरी मला लाज वाटली नाही. खिडकीतून बाहेर बघत होतो. एक माणूस शिडीवर चढून दुकानाची पाटी पुसत होता, तो सिग्नल सुटेपर्यंत पाहिला.

शनिवारी मुलगी येणार होती. स्टुलं पोत्याखाली झाकून ठेवता आली असती. विचार आलाही. पण शब्द दिला होता, आणि खोटं बोलायला जेवढा उत्साह लागतो तेवढा माझ्यात नव्हता. तिन्ही खिडकीशी ओळीने मांडली. घरातली मोठी बॅगही माळ्यावरून काढून धूळ झटकून ठेवली.

ती आली, स्टुलांकडे पाहिलं. "परत का आली?"

"चुकली. सामान बांध. मी काही बोलणार नाही."

"काय चुकलं?"

"पायपट्टी. तिन्हीला. मापं वाचता येईनाशी झाली मला, दुसरं काय."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग चपला काढल्या आणि मधल्या स्टुलावर चढून बसली. बसताना उडी मारावी लागली. पाय खाली सोडले आणि ते पट्टीवर टेकले. तळवे सपाट, गुडघे काटकोनात, पाठ सरळ. दोन्ही हात आपोआप मांडीवर आले, वर तळहात, मटाराचं ताट धरल्यासारखे.

मी बघतच राहिलो. एवढी वर्षं डोळ्यांसमोर वाढलेली पोर, तिला कधी टेप लावला नव्हता.

तिने मान खाली घालून स्वतःच्या पायांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. म्हणाली, "बाबा, हे आईचं आहे."

"हो."

"तिन्ही?"

"तिन्ही."

"मग चुकलं कुठे? माप तर बरोबर आहे. माणूस नाहीये."

आणि रडायला लागली. आईच्या दिवसांत पाहुण्यांचं चहापाणी बघत होती, तेव्हा रडली नव्हती, ते सगळं आता आलं. मी जवळ गेलो, डोक्यावर हात ठेवला. तिच्या डोळ्यांतलं पाणी बैठकीच्या कडेवर पडत होतं आणि मी म्हणालो, "पूस गं, पॉलिशला डाग पडेल." ती रडता रडता हसली आणि बाहीने आधी लाकूड पुसलं, मग नाक. सुताराची पोर.

नंतर तिने चहा केला. बॅगेकडे पाहिलं, उचलून परत माळ्यावर टाकली आणि म्हणाली, "डॉक्टरीणबाईंची नवीन करा. पट्टी बसवायच्या आधी मला फोन करा. मी शनिवारी येऊन बसेन. फळी आवळायला विसरू नका."

"तू कबूल करून घेतलं होतंस."

"घेतलं होतं. आता तुम्ही एक शब्दही बोलायचा नाही, हेही त्यातच होतं."

संध्याकाळच्या बसला तिला सोडायला गेलो. बॅग नव्हती, काखेत मधलं स्टूल होतं. कंडक्टर म्हणाला, "बाई, जागा आहेत की आत!" ती म्हणाली, "असू दे, हे माझ्या आईचं आहे." त्याने मुकाट्याने मागच्या सीटवर जागा करून दिली.

परत आलो तेव्हा खिडकीत ऊन होतं अजून. दोन स्टुलं उरली होती. चिठ्ठी लिहायला घेतली, साडेचौदा, आणि भिंतीवर खिळ्याला टोचली. मग उरलेला चहा घेऊन एका स्टुलावर बसलो. माझं माप अठरा. गुडघे वर आले, पार पोटाशी. असं बसणं काही बसणं नव्हे, गिऱ्हाईक बरोबर बोलत होतं. तरी चहा संपेपर्यंत बसलो, आणि संपल्यावरही. रडू आलं नाही. पण थोड्या वेळाने गुडघे दुखायला लागले. आधी डावा, मग दोन्ही. चांगलेच दुखत होते, आणि या वेळी ते मला कुणी सांगावं लागलं नाही.