छत्तीसपैकी छत्तीस

अकरा वर्षांत माझ्या हातून एकही चूक छापून गेलेली नाही, असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असे. हल्ली सांगत नाही. का सांगत नाही, ते सांगते.

कृषी आणि उपयोजित अर्थतज्ज्ञांच्या संघटनेचं मासिक पत्र मी काढते. त्याचं नाव 'घडामोडी आणि संधी'. पहिल्या पानावर कोणाला कसला पुरस्कार मिळाला ते, दुसऱ्यावर कोण कुठल्या परिषदेत किती वेळ बोललं ते, आणि तिसऱ्यावर रिकाम्या जागा. सगळे पत्र तिसऱ्या पानापासून उघडतात, ज्यांना उत्तम नोकरी आहे तेसुद्धा. मी स्वतः अर्थतज्ज्ञ नाही, मुद्रितशोधक आहे. अर्थतज्ज्ञ नवरा आहे. उपयोजित म्हणजे नेमकं काय, हे मी त्याला पहिल्याच भेटीत विचारलं होतं. तो अजून सांगतोय.

शेवटच्या पानावर नवऱ्याचा रकाना असायचा, 'पुढच्या महिन्याचा बटाटा'. बटाट्याचा भाव चढणार की उतरणार याची दहा ओळी कारणं, आणि खाली एक जाडजूड बाण, वर तोंड केलेला नाहीतर खाली. या मंडळींची एक रीत आहे. पुढच्या महिन्याबद्दल सगळे हिरिरीने बोलतात, पण गेल्या महिन्याबद्दल आपण काय म्हणालो होतो हा विषय कोणी काढत नाही. काढणं असभ्य समजतात. त्यामुळे तीन वर्षं रकाना सुखेनैव चालला आणि बाण खरे ठरले की खोटे, हे कोणी पाहिलं नाही. मीही नाही. माझं काम बाण छापण्याचं.

नवऱ्याची संशोधन संस्थेतली नोकरी कराराची होती. करार शंभर टक्के वाढणार, असं तो म्हणाला आणि पुढच्याच आठवड्यात करार संपला. पहिल्या महिन्यात त्याने स्वयंपाकघरातले डबे खपाच्या क्रमाने लावले, त्यामुळे मला आठ दिवस हळद सापडली नाही. दुसऱ्या महिन्यात त्याने शेजाऱ्यांना दूध कुठून घ्यावं हे समजावलं, आणि शेजारी जिन्यात आम्हाला बघून परत वर जाऊ लागले. तिसऱ्या महिन्यात मात्र तो गप्प झाला. चहात साखर कमी पडली का विचारलं तर नुसतं 'चालेल' म्हणायचा. ज्या माणसाने साखरेवर चारशे पानांचा प्रबंध लिहिला तो 'चालेल' म्हणतो, याची मला खरोखर भीती वाटली. रागवायलाही काही उरलं नव्हतं.

चौथ्या महिन्यात तिसऱ्या पानासाठी एक जाहिरात आली. एका शीतगृह कंपनीला बटाट्याचा भाव सांगणारा अंदाजकार हवा होता. पद कायम, कामाची वेळ सोयीची. अट एकच विचित्र होती. अर्जासोबत, उमेदवाराचे अंदाज प्रत्यक्ष वापरणाऱ्या एका व्यक्तीचं पत्र जोडायचं.

या अटीने आमच्या वर्तुळात हाहाकार उडाला. चार दिवसांत मला सतरा फोन आले. अंदाज वापरणारी व्यक्ती कुठे मिळते, अशी चौकशी मोठमोठे प्राध्यापक करू लागले. एकाने विचारलं की आई चालेल का. नवऱ्याने तर जाहिरात वाचून कागद खालीच ठेवला. आपले अंदाज कोणी वापरत असेल असं त्याला वाटत नव्हतं, आणि ही नोकरी आपल्याला मिळणार नाही असं तो म्हणाला.

मला मात्र एक व्यक्ती माहीत होती. आमच्या कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशी. पत्राचे उरलेले अंक मी त्यांना मिरच्या बांधायला देत असे, आणि त्या शेवटचं पान फाडून बाजूला ठेवतात हे मी पाहिलं होतं. मी विचारल्यावर त्या म्हणाल्या, वापरते म्हणजे काय, त्याच्यावरच तर सगळं उभं आहे. दुसऱ्या दिवशी त्यांनी पत्र लिहूनच आणलं. टाइप करून द्या आणि ऱ्हस्वदीर्घ तेवढं बघा, म्हणाल्या.

मी घरी येऊन पत्र वाचलं आणि उभी होते ती बसले.

'या साहेबांचे अंदाज मी तीन वर्षं वापरते. ते म्हणाले बटाटा चढणार, की मी थोडा घेते. ते म्हणाले उतरणार, की पोती भरून ठेवते. यात मला कधीच खोट आली नाही. फक्त दोनदा आली, तेव्हा साहेब बरोबर निघाले. त्यांच्यामुळे माझी हातगाडी जाऊन पक्का गाळा झाला. असा माणूस शोधून सापडणार नाही.'

मग मला एकेक आठवू लागलं. करार वाढणार म्हणाला होता. घर बघायला गेलो तेव्हा, हे आपल्याला मिळणं शक्य नाही म्हणाला होता, आणि त्याच घरात मी आता बसले होते. लग्नाआधी तर मला प्रामाणिकपणे बजावून सांगितलं होतं की तू दोन वर्षांत मला कंटाळशील. त्याला चौदा वर्षं झाली. कंटाळायला फुरसतच दिली नाही त्याने.

आता पत्राचं काय करायचं? 'थोडा' आणि 'पोती भरून' यांच्या जागा बदलल्या असत्या की काम झालं असतं. पण मुद्रितशोधकाने ऱ्हस्वदीर्घ बघावं, मजकुराला हात लावू नये, ही माझी आयुष्यभराची शिस्त. आणि दुसरं पत्र तर कुठून आणणार? मी तीन वेलांट्या दुरुस्त केल्या, नवऱ्याच्या नावाने अर्ज भरून पत्र जोडलं, पाकीट चिकटवलं आणि त्याला सांगितलं की मावशींनी तुझं फार कौतुक केलं आहे. ते खोटं नव्हतं.

मुलाखती संघटनेच्याच कार्यालयात झाल्या. आमची बैठकीची खोली आणि माझं टेबल यांच्यामध्ये प्लायवूडचा एक पडदा आहे. त्याच्यातून शिंकसुद्धा ऐकू येते, वाक्यं तर येतातच. आत तिघं होते. एक कंपनीचे अध्यक्ष. दुसऱ्या एक प्राध्यापिका, ज्या कुठल्याही विधानावर 'पण हे काय गृहीत धरून?' असं विचारतात, म्हणून त्यांना सगळे गृहीतकबाई म्हणतात. तिसऱ्यांना सगळे पंच्याण्णव म्हणतात, कारण पंच्याण्णव टक्के खात्री असल्याशिवाय ते कशावरही विश्वास ठेवत नाहीत. स्वतःचा वाढदिवससुद्धा ते 'बहुधा' लावून सांगतात.

नवरा इस्त्रीचा शर्ट घालून आत गेला, वीस मिनिटं बटाट्याबद्दल बोलला आणि बाहेर आला. मला म्हणाला, संपलं, नाही होत हे. मग जिन्यात जाऊन बसला.

आत अध्यक्षांनी मावशींचं पत्र मोठ्याने वाचलं. माझ्या हातातल्या लाल पेनाचं टोपण मी चावून चपटं केलं. मग गृहीतकबाई हसायला लागल्या. त्यांचं म्हणणं असं की नेहमी चुकणारा माणूस नेहमी बरोबर असणाऱ्या माणसाइतकाच कामाचा, नुसता बाण उलटा धरायचा. अध्यक्ष म्हणाले की त्यांच्याकडे पाच अंदाजकार आहेत आणि पाचही जण निम्म्या वेळा बरोबर येतात, त्यांचं काय करावं तेच कळत नाही. हा माणूस मिळाला तर ते पाचही जणांना दुसरं काम देतील.

अध्यक्ष स्वतः बाहेर येऊन माझ्याकडून छत्तीस अंक घेऊन गेले. तासभर आत पानांचा आवाज येत होता. शेवटी हिशेब लागला. छत्तीसपैकी चौतीस अंदाज चुकलेले.

"चौऱ्याण्णव पूर्णांक चार," पंच्याण्णव म्हणाले, आणि त्यांनी फाइल मिटली.

गृहीतकबाईंनी वाद घातला, अध्यक्षांनी विनवलं, पण पंच्याण्णवांचं एकच. चौतीस वेळा चुकणारा माणूस दोनदा बरोबर का आला, हे कळत नाही तोवर त्याच्यावर भरवसा ठेवता येणार नाही. उद्या तो पुन्हा बरोबर आला तर कंपनीने कोणाच्या तोंडाकडे बघायचं? अध्यक्षांनी सुस्कारा सोडला आणि पुढच्या उमेदवाराचा कागद ओढला.

ते दोन महिने कोणते हे मला अंक न उघडता माहीत होतं. एका अंकात मी बाण तपासायला फिरवला आणि परत फिरवायला विसरले. दुसऱ्या वेळी सकाळी आमचं कडाक्याचं भांडण झालं होतं आणि मी त्याच्या पानाकडे रागाने बघितलंच नाही, मागच्या महिन्याचाच बाण छापून गेला. दोन्ही चुका मला अंक हातात आला त्याच दिवशी दिसल्या होत्या. मी गप्प बसले. नवरा छापलेला रकाना कधी वाचत नाही, आणि बाकीचे तिसऱ्या पानावरच थांबतात. ते दोन बाण लपवून मी माझी अकरा वर्षांची ऐट सांभाळून होते.

जिन्यात नवरा गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. शर्टाची इस्त्री मोडली होती.

मी खण उघडला. त्याच्या हस्ताक्षरातले सगळे मूळ कागद माझ्याकडे लावून ठेवलेले असतात. त्यातले दोन घेतले, पडदा ओलांडला आणि समितीपुढे ठेवले.

"हे दोन बाण मी उलटे छापले," मी म्हणाले. "माझा नवरा छत्तीसच्या छत्तीस वेळा चुकलाय, आणि माझ्याकडे लेखी पुरावा आहे."

एवढं वाक्य अधिकृत समितीपुढे बोलायला किती बायकांना मिळत असेल? तरीही माझे कान लाल झाले होते. पंच्याण्णवांनी दोन्ही कागद उजेडात धरले, शाई बघितली, तारखा बघितल्या. मग उठून उभे राहिले आणि अशी शुद्ध कामगिरी आपण उभ्या आयुष्यात पाहिली नाही, असं म्हणाले. 'बहुधा' न लावता.

नोकरी मिळाली. अध्यक्षांनी जाताना मला बाजूला घेऊन एक अट घातली. आपण चुकतो हे साहेबांना कळता कामा नये. कळलं की ते विचार करायला लागतील आणि सगळं बिघडेल.

नवरा जिन्यातून वर आला तो दोन दोन पायऱ्या चढत. त्या दिवशी चहा पिताना त्याने साखर कमी असल्याचं सांगितलं, जगात साखर कमी का आहे तेही सांगितलं, आणि मी एकही शब्द न तोडता ऐकून घेतलं. मला इतका आनंद झाला होता की डोळ्यांत पाणी आलं.

पंचाईत झाली ती पुढच्या अंकात. पहिल्या पानावर बातमी छापायची होती, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा चूकदुरुस्तीही. बातमीत मी लिहिलं की 'अंदाजांमधल्या असाधारण सातत्याबद्दल' त्यांची निवड झाली. यातला प्रत्येक शब्द खरा होता. चूकदुरुस्तीत लिहिलं की अमुक दोन अंकांतले बाण उलटे वाचावेत. ती मी सगळ्यात बारीक अक्षरात लावली.

आपलं नाव पहिल्या पानावर असल्यामुळे नवऱ्याने आयुष्यात पहिल्यांदा अंक पूर्ण वाचला, बारीक अक्षरांसकट. स्वयंपाकघराच्या दारात अंक घेऊन उभा राहिला. मी बटाटे सोलत होते. मावशी आता भाव जातायेता नवऱ्यालाच विचारत, आणि त्या आठवड्यात त्यांनी पोती भरून ठेवली होती, म्हणजे नवऱ्याने कामावर काय सांगितलं असेल ते मला न विचारता कळलं होतं.

"सातत्य कशातलं गं?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, अंदाजांमधलं, लिहिलंय की. तो हलला नाही. पत्रात मावशींनी नक्की काय लिहिलं होतं, असं त्याने विचारलं. मी दुसरा बटाटा घेतला. त्याने अंकाची घडी घातली आणि तो शांतपणे म्हणाला, "माझा अंदाज आहे, तू मला हे कधीच सांगणार नाहीस."

माझी सुरी थांबली. आता न सांगावं, तर याचा अंदाज खरा ठरतो. छत्तीस चुकांनंतर पहिला बरोबर अंदाज, तोही घरच्याघरी. आणि सांगावं, तर अध्यक्षांची अट मोडते. पण एवढं सगळं करून मी त्याला बरोबर ठरवणार होते की काय? मी हात पुसले आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. पोती, गाळा, चौऱ्याण्णव पूर्णांक चार, आणि ते दोन बाण.

तो खुर्चीवर बसला. मी त्याच्या खांद्यावर ओला हात ठेवला. तो रडेल असं वाटलं, पण तो विचार करत होता, आणि तेच जास्त धोक्याचं होतं.

"झालं मग," तो म्हणाला. "आता मला कळलंय, म्हणजे यापुढे माझे अंदाज बरोबर यायला लागणार. सहा महिन्यांत नोकरी जाणार."

मी त्याच्यापुढे कागद आणि पेन ठेवलं. म्हटलं, हे लेखी दे. त्याला आधी कळलं नाही. मग कळलं, आणि तो हसायला लागला तो थांबेचना. डोळे पुसत त्याने शब्दन् शब्द लिहून दिला, खाली सही केली, तारीख घातली. मी तो कागद वाचून एक वेलांटी दुरुस्त केली आणि फ्रिजच्या दारावर लावला.

याला आता चौथं वर्ष चालू आहे. कागद पिवळा पडलाय.