आणि मग ते जेवायला बसले

'मध्यंतर' नावाच्या त्या ग्रुपवर मतं फुकट होती, आणि फुकटचं म्हटल्यावर जो तो सढळ हातानं वाटत होता. कुणी नवा अल्बम एकदाच ऐकून 'भांडी घासताना ठीक' म्हणून निकालात काढायचा, तर कुणी वर्षातला सर्वोत्तम सिनेमा जानेवारीतच जाहीर करून मोकळा व्हायचा. कर्णपिशाच्च या नावानं लिहिणाऱ्या एका गृहस्थाचं म्हणणं असं, की कुठल्याही अल्बममधलं चौथं गाणंच काय ते ऐकण्यासारखं असतं. त्यावरून अधूनमधून जुंपायची. मंडळी एकमेकांना कधीच भेटली नव्हती, त्यामुळे प्रेम भरपूर होतं.

यातच एक होती डुलकी. हे नाव तिनं स्वतःच घेतलं होतं, कारण घरचे तिला तेच म्हणायचे. काम बेकरीतलं. पहाटे भट्टी पेटवायची म्हणजे संध्याकाळीच डोळे मिटायला लागायचे, आणि सिनेमा अर्ध्यावर आला की हिची मान कलंडलीच. जन्मात एकही सिनेमा तिनं शेवटपर्यंत पाहिला नव्हता. तरी तिला सगळ्यांचे शेवट तोंडपाठ होते, कारण तिचा नवरा जागा राहायचा.

पहाटे ती पीठ मळायला लागली की तो समोर बसून पावाचे साचे पुसायचा आणि आदल्या संध्याकाळचा उरलेला सिनेमा सांगायचा. तिची साखरझोप अजून पुरती उतरलेली नसायची. भट्टीची ऊब, आंबलेल्या पिठाचा वास, त्याचा घोगरा आवाज, आणि त्या आवाजातून सिनेमातली माणसं सरळ बेकरीत यायची. कोट झटकायची, पिठाच्या पोत्यांवर टेकायची. कधीकधी सिनेमातला एखादा वकील तिच्याकडे वळून बघायचा. कुठे सिनेमा संपला आणि कुठे स्वप्न लागलं हे तिला कधी कळलं नाही, आणि कळून घ्यायची तिला गरजही वाटली नाही. नवरा गेल्यावर नवे सिनेमे तिनं सोडूनच दिले. त्या पहाटा मात्र तिनं जपून ठेवल्या होत्या, आणि ग्रुपवर ती त्यातलंच थोडंथोडं खर्च करायची.

एके दिवशी कुणीतरी नावाड्याच्या जुन्या सिनेमाबद्दल सहज लिहिलं, की शेवटी धुक्यातून रिकामी नाव किनाऱ्याला लागते, तसा शेवट पुन्हा कुणी केला नाही. डुलकीनं लगेच लिहिलं, रिकामी कशी? नावाडी परत येतो की. नखशिखान्त भिजलेला असतो, बायको त्याला आधी चांगलं फैलावर घेते, मग टॉवेल देते आणि मग ते जेवायला बसतात.

झालं. ग्रुपला आयतंच कोलीत मिळालं. बाई, तुम्ही नेमका कुठला सिनेमा बघितला, असं चारचौघांनी विचारलं. ती हटली नाही. उलट पुराव्यादाखल इतर शेवटही सांगत सुटली. तो खटल्याचा सिनेमा, ज्यात दोघे भाऊ कोर्टातून एकत्र बाहेर पडतात आणि समोरच्या खानावळीत शिरतात. ती हेरगिरीची भानगड, ज्यात पकडणारा आणि पकडलेला एका ताटात जेवतात.

ग्रुपवर एक निवृत्त ग्रंथपाल होते. कमी बोलायचे. त्यांनी लिहिलं, "डुलकीबाई, रागावू नका. पण तुमच्या प्रत्येक सिनेमात शेवटी सगळे जेवतात."

हे वाचून ती आधी खळखळून हसली, आणि मग तिनं एकेक शेवट आठवून पाहिला. खरंच होतं ते. इतकी वर्षं हे आपल्या ध्यानात कसं आलं नाही? म्हणजे नवराही शेजारी घोरत पडायचा आणि सकाळी काहीबाही दडपून द्यायचा की काय? असं असेल तर त्या पहाटा खोट्या होत्या, आणि त्यांच्याशिवाय तिच्याजवळ त्याचं असं दुसरं होतं काय?

बेकरी बंद असायची त्या दिवशी, भर दुपारी, तिनं पडदे ओढून तो नावाड्याचा सिनेमा लावला. सोफा टाळला. लाकडी खुर्चीत ताठ बसली आणि झोप येऊ नये म्हणून पाय गार पाण्याच्या बादलीत सोडले. अर्ध्यावर डोळे मिटायला लागले, धुकं पडद्यातून खोलीत उतरायला लागलं, बादलीतलं पाणी नदीचं वाटायला लागलं. तिनं स्वतःला चिमटा काढला. नाव आली. रिकामी होती. नावाड्याच्या बायकोनं दोर हातात घेतला, रोजच्यासारखा खुंटाला बांधला आणि ती घराकडे न बघता चालू लागली. ना टॉवेल, ना ताट.

तिला रडू नाही आलं, राग आला. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, हे तिला त्या दुपारी पहिल्यांदा जाचलं.

संध्याकाळी नणंद किल्ल्या द्यायला आली. ती बेकरीचा गल्ला सांभाळायची, आणि लग्नाआधी बरीच वर्षं यांच्याच घरी राहिली होती. डुलकीनं आढेवेढे न घेता विचारलं, तुझा दादा सिनेमा बघताना झोपायचा का गं?

"झोपतोय कसला," नणंद म्हणाली. "रडायचा वहिनी. तुझा डोळा लागला की तुझ्या अंगावर पांघरूण घालायचा, आवाज बारीक करायचा आणि तोंडात रुमाल कोंबून शेवटपर्यंत बघायचा. मला म्हणायचा, हिला सांगू नकोस, हिला सकाळी भट्टी सांभाळायची असते."

डुलकी खाली बसली. तिला एकदम आठवलं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी त्यानं एका सिनेमाचा शेवट होता तसा सांगितला होता, आणि ती इतकी रडली होती की भट्टीतले सगळे पाव करपले. त्यानंतर सिनेमे एकाएकी सुधारले होते. आणि पहाटे त्याचे डोळे लाल असायचे ते. विचारलं की म्हणायचा, पीठ गेलं डोळ्यांत. बेकरीत राहणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत पीठ जाणारच, म्हणून ती पुन्हा कणकेकडे वळायची.

तिनं ग्रुपवर लिहिलं, नाव रिकामीच येते, माझी चूक झाली. कर्णपिशाच्चानं विजयाची तुतारी फुंकली. ग्रंथपालांनी मात्र विचारलं, मग तुमचा तो शेवट आला कुठून?

"घरी केलेला आहे," तिनं लिहिलं.

मग कर्णपिशाच्चच म्हणाला, ते दोघे भाऊ खानावळीत शिरले, तिथून पुढे सांगा. ते काय जेवले? तिनं सांगितलं. कोण आधी हात धुवायला उठला, कुणी कुणाला वाढलं, तेही सांगितलं. नवऱ्यानं जसं सांगितलं होतं अगदी तसंच.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी तिनं पुन्हा पडदे ओढले आणि बादली भरली. आज खटल्याचा सिनेमा होता. इतके शेवट त्या माणसानं एकट्यानं बघितले होते, तेही आवाज बारीक करून. आता एकेक करून ती बघणार होती. तिनं आवाज मोठा केला.

धाकटा भाऊ कोर्टाच्या पायऱ्या एकटाच उतरला. समोर खानावळ होती आणि तिचं दार बंद होतं. तो तिथे थोडा वेळ उभा राहिला, मग पडदा काळा झाला.

खोलीत कुणीच नव्हतं. तरी तिनं पदरानं डोळे पुसले आणि शेजारच्या सोफ्याकडे बघत म्हटलं, "पीठ गेलं डोळ्यांत."