कधीची बातमी

देविदास माझाच मुलगा, तरी त्या दिवशी त्याचं तोंड बघावंसं वाटलं नाही.

त्याची लेक दिपा नांदेडला विद्यापीठात एका सरांच्या हाताखाली संशोधन करते. पाण्यातला, डोळ्यांना न दिसणारा कण उजेडाच्या चिमटीत धरायचा. तो सारखा थरथरतो. कॅमेऱ्यानं बघून त्याला उलट ढकलायचं आणि ती थरथर, म्हणजे त्याची ऊब, कमी करायची. उन्हाळ्यात घरी आली तेव्हा तिनं मला हे समजावलं. कॅमेऱ्याची खबर पोचेपर्यंत कण दुसरीकडे गेलेला असतो. तेव्हा जोरात ढकललं तर तो निवायचं सोडून आणखी तापतो. दिवाळीत तिचा प्रयोग असाच फसला होता. मग तिनं तो उशीर हिशेबात धरला, ढकलणं हलकं केलं आणि कण निवला.

परवा कळमनुरीच्या बाजारात आमच्या भावकीतल्या खेमानं देविदासला सांगितलं, पोरीचा प्रयोग बुडाला, सर तिला काढून राहिले. खबर दिवाळीची. घरी येऊन मला विचारलं असतं तरी कळलं असतं. हा बाजारातूनच नांदेडला गेला, सरांना सगळ्यांदेखत शिव्या दिल्या, दिपाची पेटी उचलली आणि तिला आमच्या बंजारा तांड्यावर आणून बसवलं. वाटभर ती सांगत होती, सोमवारी मला सगळ्यांपुढं काम मांडायचंय. यानं ऐकलं नाही.

माझा आजा बैलांवर मीठ वाहायचा. वाटेत कुणी पुढच्या बाजाराचा भाव सांगितला, की आजा आधी विचारायचा, तू तिथून निघालास कधी? मगच बैल वळवायचे की नाही ते ठरायचं. तांड्यातली लेकरंसुद्धा हे विचारायची. आता खिशात फोन आला आणि आमच्या माणसांना वाटतं, कानावर पडलं ते आत्ताच घडलं.

"खेमाला हे कधी कळलं, विचारलंस?" मी, त्याच्या आईनं, विचारलं.

"याडी, बाप हाय मी. गप बसू काय?"

"व्हय. बसायचं होतंस."

खबर दिवाळीची, कण कधीच निवलाय, हे मी सांगितलं. चूक कळली तसा हा खेमाला बडवायला उठला. दिपानंच अडवलं. रविवारी ती पेटी घेऊन निघाली, तर हा धुतलेला सदरा घालून हजर. म्हणे, सरांच्या पाया पडतो.

"तुमी येऊ नका, बा," ती म्हणाली. "तुमी आले की आणखी बिघडंल."

सोमवारी संध्याकाळी तिचा फोन आला. सरांनी काम मांडू दिलं. पण त्याआधी माझ्या नातीला सगळ्यांसमोर बापाच्या वतीनं माफी मागावी लागली.

हे मी देविदासला सांगितलं. मुद्दाम, तो जेवत असताना.